कापलेल्या बाह्या

मंगळवार, एप्रिल. संध्याकाळ.

ह्यांच्या हातावरच्या डागाचा तुकडा डॉक्टरांनी आज तपासायला पाठवला. म्हणाले, आता उन्हात पूर्ण बाहीचाच शर्ट घाला. हे होटगीला रुळावर काम करतात. उकडतं म्हणून दर उन्हाळ्यात ह्यांच्या शर्टाच्या बाह्या मीच कापते. त्याच बाह्यांना इलॅस्टिक लावून मी आणि लेक गाडीवर जाताना हातांवर चढवतो. आमचे हात रापले नाहीत.

रडू यायला हवं होतं का? आलं नाही. भाकरी केल्या. मग इलॅस्टिक उसवून त्या बाह्या परत शर्टाला जोडल्या. शर्ट विटलाय, बाह्यांचा रंग अजून तसाच.

ह्यांनी घालून बघितला. म्हणाले, "मग उद्यापासून तुमी दोघी काय घालणार?"