तपासणीआधीची रंगरंगोटी

कोहका, भिलाई

ती. बेबीताईच्या पायावर गुलाबचं डोकं.

दर पत्रात तू बरी असशील असं लिहितो, या वेळी विचारतोच: बरी आहेस ना? आमी मजेत. तुझी भावजय माझ्यावर रागावून आहे, म्हणजे तिची बी तब्येत उत्तम.

झालं असं, डॉक्टरीणबाईनं मले कोलेस्टेरॉल तपासाले सांगितलं. आता ताई, माझी सारी नोकरी प्लांटात गेली. साहेब पाहणीले येणार म्हटलं की आमी रेलिंगले पिवळा रंग मारत होतो, झाडाले चुना, अन् गळक्या पाइपासमोर फुलाची कुंडी. तेच मी रक्ताचं केलं. दोन हप्ते लौकीचा, म्हंजे दुधीचा, रस (थू!), भजे बंद, तुझ्या तुपाचा डबा कपाटावर. रिपोर्ट असा चकचकीत आला का मी तो भिंतीवर लावाले निघालो! त्या आनंदात येताना समोसे आणले, जलेबी आणली, अन् संध्याकाळी तुपातला शिरा मागितला.

तुझ्या भावजयीनं शिरा केला, वाढला, अन् दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईले जाऊन सारं, प्लांटातल्या रंगासकट, सांगून आली. (एवढी इमानदार बाई माझ्याच नशिबात!) ते डॉक्टर पोरगी मले बोलावून खूप हसली. काका, खून को भी पेंट कर दिया क्या, म्हणाली. नेहमीसारखं खा अन् महिन्यानं परत या. नेहमीसारखं खाणं मले फार चांगलं जमते. दुसऱ्या रिपोर्टात मात्र कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. म्हटलं, मले तर कुठंच काही दुखत नाही! तर म्हणे, रक्ताच्या नळीत चरबी साचते तेव्हा दुखत नाहीच, म्हणून तर रक्त पाहावं लागते. आता रोज एक गोळी अन् सकाळी चालणं सुरू आहे. माझी काळजी करू नको.

तुझा धाकटा,
गुलाब

ता.क. तूप पाठवू नको. (पाठवलंच तर माझ्या पोराच्या, प्रवीणच्या हातात दे, भावजयीच्या नको.)

ता.क. दुसरं. हे सारं मी माझ्यासाठी लिहून नाही राहिलो. राखीले आली तेव्हा तू आमच्या जिन्यात थांबली अन् गुडघ्याचं निमित्त केलं. ताई, तुझा हात गुडघ्यावर नव्हता, छातीवर होता. बाबा बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. त्याईले बी काही दुखत नव्हतं. मले भेव वाटून राहिलं. शुक्रवारी प्रवीण गाडी घेऊन येते, त्याच्यासोबत बस. डॉक्टरीणबाईले तुझं नाव सांगून ठेवलं आहे. अन् तोवर लौकी-बिकी पिऊ नको. जशी आहेस, तशीच ये.