चहाच्या थंडीचा विमा

अर्विंग, टेक्सस

ती. उल्हासकाकांना गिरीशचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या ट्रॉय गावचा बर्फ वितळला असेल आणि नंदाकाकूंनी तुमच्या हातातलं फावडं काढून घेतलं असेल, अशी आशा आहे. (हार्टच्या डॉक्टरनं बर्फ उपसताना सापडणं बरं दिसत नाही.) तुमची पुतणी मंजुषा मजेत आहे. तिच्या नवऱ्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

तुम्ही नोकरीचं विचारलंत. आमची कंपनी पिकांचा विमा उतरवते आणि हप्ते मी ठरवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजवर मका आणि कापूस यांत सुखानं दिवस जात होते. जानेवारीत बॉस म्हणाला, तू इंडियन, तेव्हा चहा तुझा. (मला चहानं पित्त होतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.) थंडीनं चहा जळाला तर भरपाई द्यायची, त्याचा हप्ता काढ. आता हप्ता काढायला मागचं नुकसान माहीत असावं लागतं आणि या देशात चहा लावणारे मोजकेच. माहिती मागवली, तर एका शेतकऱ्यानं "सगळं गेलं, देवाची मर्जी" एवढंच कळवलं. हे कोणत्या रकान्यात भरायचं?

म्हणून लुइझियानाच्या सीमेजवळ डार्लीनबाईंच्या शेतावर गेलो. या बाई जन्मभर स्कूल बस चालवून रिटायर झाल्या आणि चहा लावून बसल्या. नुकतीच थंडी पडून गेली होती, झुडपं करपलेली. साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत, असा नियम. मी इमानदारीत ओळीच्या ओळी खरवडत सुटलो. शेवटी बाई ओरडल्या, "अरे बाबा, थंडीनं सोडली ती तू मारशील!"

परत येऊन हप्ता काढला. माहिती नाही म्हणून मी थोडा वाढवला, माझ्यावर भरवसा नाही म्हणून बॉसनं आणखी वाढवला. तो बाईंच्या वर्षभराच्या विक्रीपेक्षा जास्त झाला. फोन करून सांगायची पाळी माझ्यावर. बाई म्हणाल्या, "एवढ्या पैशांत थंडी येणारच नाही ना?"

त्यांनी विमा घेतला नाही. मार्चमध्ये पुन्हा फ्रॉस्टचा, म्हणजे पिकं गोठवणाऱ्या थंडीचा, इशारा आला. मला राहवेना. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी गाडीत कोंबून गेलो आणि आम्ही दोघांनी झुडपांवर पांघरल्या. मग वारा सुटला. चादरी शेजारच्या कुरणात गेल्या आणि मंजुषाची लग्नातली रेशमी चादर एका गाईनं शांतपणे चघळली. झुडपांच्या दोन ओळी वाचल्या, बाकी शेत सकाळी काळं पडलं होतं. बाई ट्रकच्या मागच्या फळीवर बसून राहिल्या. त्यांनी दिलेला चहा मी पित्त विसरून प्यायलो. काका, फार सुंदर होता. त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेत विकायची पाटी लावली.

थोडक्यात, या देशात चहा लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं माझं व्यावसायिक मत झालं आहे.

आपला,
गिरीश

ता. क. चादरी लाँड्रीत आहेत, असं मंजुषाला सांगितलंय.

ता. ता. क. बाईंच्या शेतात मी अर्धी भागीदारी घेतली आहे. सही झाली. हे मंजुषाला अजून माहीत नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही, तेव्हा रविवारी फोन करून जरा गोडीत सांगाल का? विमा आहे का, असं तिनं विचारलं, तर फोन काकूंकडे द्या.