दुसरा नंबर तुझा

माधवनगर, सांगली
१० जानेवारी २०२५

प्रिय ऋषिराज,

सप्रेम नमस्कार. हात सवयीने लिहून गेला. त्यातलं ‘सप्रेम’ सोडून दे, नमस्कार तेवढा घे.

इकडे सगळे खुशाल. यंदा थंडी लय पडलीय. कारखाने जोरात सुरू आहेत, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरांमागून सांगलीला पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. आमच्या धाकट्या नईमचं मोबाइलदुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. अम्मीचे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण रविवारी साताऱ्याला यायचं ठरल्यापासून तिने गुडघ्यांचं नावच काढलेलं नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मधे बोलतोस बाबा. ‘अगं समीना, ऐक तर’ म्हणतोस, आणि मग मी ऐकतच बसते. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही. उद्या नईम साताऱ्यात तुझ्या हॉटेलवर येऊन हे तुझ्या हातात देईल. चहा मागव आणि बसून वाच.

तुझा निरोप मिळाला. काय तो आवाज, काय तो लाडिकपणा! ‘समीना, मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंयस, पण मला कळतंय गं. शेवटी पहिल्या नंबरला मलाच उठवणार ना? मी आश्चर्य वाटल्यासारखं करीन.’ तीन वेळा ऐकला मी तो निरोप. अम्मीलाही ऐकवला, शेवटची दोन वाक्यं सोडून.

तर कार्यक्रम असा आहे. साताऱ्याच्या मंडळाने मला सांगितलं, बाई, तुम्ही एवढी वर्षं पेपरात गाण्यावर लिहिता, तर या दशकातले तुमचे आवडते दहा अल्बम सांगा. एकेक वाजवू, त्यावर तुम्ही बोला. दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. पहिल्या नंबरच्या कलाकाराला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते फेटा, शाल, श्रीफळ. मी म्हटलं, पाहुणा मी सुचवते. त्यांना आनंद झाला. तुझं नाव म्हणजे हॉल भरणारच.

दहावा नंबर तुमच्या पलूसच्या भजनी मंडळाचा. मृदंगवाला मधेच खोकतो, तो खोकला त्यांनी कापला नाही, म्हणून मला तो अल्बम आवडतो. सातवा सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या एका मुलीचा. गिटार घेऊन घरातच गायलीय, आणि तिच्या गाण्यामागे घाटात चढणाऱ्या ट्रकांचा घरघराट सतत चालू असतो. मला विचारायला आली होती, ‘मॅडम, तो आवाज काढू का?’ म्हटलं, खबरदार. चौथा जतकडच्या दोन बहिणींचा, अर्ध्या ओळी कानडीत, अर्ध्या मराठीत. कानडी मला फारसं कळत नाही, तरी दरवेळी त्याच ठिकाणी डोळ्यांत पाणी येतं. माझी आवड ही अशी. शहाण्या लोकांनी हसायचं तर हसावं.

दुसरा नंबर तुझा.

पडला का चेहरा? आता कप खाली ठेव आणि पुढे वाच.

‘निषादाविना’ चांगला अल्बम आहे. मेल्या, हेच तर माझं दुखणं आहे! वाईट असता तर दोन ओळींत मोडीत काढला असता आणि निवांत झोपले असते. पण तू गातोस. धैवतावरून निषादाला न शिवता वरच्या षड्जावर उडी मारतोस, आणि उतरताना निषादाची नुसती सावली दाखवून खाली येतोस, तेव्हा माझ्यासुद्धा अंगावर काटा येतो. पुण्या-मुंबईचे लोक तिला ‘ऋषिराजांची उडी’ म्हणायला लागले. त्यावर चर्चा झाल्या. आणि तू काय सांगितलंस? ‘निषाद म्हणजे अहंकार. साधनेत एका क्षणी मला दिसलं, की तो सोडून पलीकडे जाता येतं.’

वा रे साधना!

आता मी तुला एका साधनेची आठवण करून देते. तुझ्या ताईचं लग्न. तुझे नाथाजीकाका फौजेतनं सुट्टी काढून आलेले, मांडवाबाहेर आमच्या अब्बांचा बँड. वरातीत तू पार वेशीपर्यंत बँडमागून आलास, आणि दुसऱ्या आठवड्यात एसटीने माधवनगरला. ‘चाचा, मला शिकवा.’ तुझ्याकडे ना वाद्य, ना ते घ्यायची घरातून परवानगी. बँडात क्लॅरोनेट गाण्याचे शब्द वाजवते, बाकी सगळे तिच्या मागून जातात. अब्बा म्हणाले, ‘मग तू गळ्यानं मागनं ये. मी वाजवतो, तू गा.’ बँडचे लाल कोट टांगलेल्या त्या शेडमध्ये तू चार उन्हाळे गायलास. दुपारी आमच्या ताटात जेवलास. अम्मीची शेंगदाण्याची पोळी तुला गरमच लागायची.

आणि अब्बांच्या क्लॅरोनेटची एक चावी मोडकी होती. रबर लावून बांधलेली. निषाद निघायचाच नाही त्यातून. म्हणून ते धैवतावरून उडी मारायचे, आणि उतरताना ओठ सैल करून वरचा सूर खाली ओढायचे, की तेवढीच सावली पडायची. लग्नं एकामागून एक असायची, दुरुस्तीला वाद्य टाकलं तर वाजवायचं काय? म्हणून उडी. त्यांची चावी मोडली होती, ऋषिराज. तुझ्या गळ्यात कुठली चावी मोडली होती?

हे मला अल्बम आला त्या दिवशीच कळलं होतं. तरी मी गप्प बसले. अब्बांनीच गप्प बसवलं. कानाला हेडफोन लावून त्यांनी पूर्ण ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, ‘ठेवलीय पोरानं. टाकली न्हाई.’ आनंद झाला होता त्यांना. ते म्हणाले, नाव घ्यायचं तेव्हा घेईल, तू पेपरात काही लिहू नकोस.

मग तुझी ती टीव्हीवरची मुलाखत आली. अब्बांनी बँडमधल्या राहिलेल्या सगळ्यांना घरी बोलावलं होतं. जोतीराम ढोलवाला तर कोट घालून आला होता, जसा काही तुझ्या वरातीला. बाईने विचारलं, लहानपणी गावाकडे काही संगीत होतं का? तू हसलास. ‘होतं ना, लग्नातला बँड! तो गोंगाट कानात इतका भरला होता, की नंतर कान धुवायलाच चार वर्षं लागली.’ ती बाई खदखदून हसली. आमच्या खोलीत कोणी हसलं नाही. अब्बांनी स्वतः उठून टीव्ही बंद केला आणि अम्मीला सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. त्यानंतर काय झालं ते मी लिहिणार नाही.

पहिल्या नंबरकडे येते.

पहिला नंबर ‘लग्नघर’. चांदसाहेब बँड, माधवनगर. अल्बमचं हे नाव तू ऐकलं नसशील, गेल्या दिवाळीतच आलाय. तुला आठवतं, सिनेमाचं नवं गाणं आलं की अब्बा ते सावकाश वाजवून कॅसेटवर भरायचे, म्हणजे बाकीच्यांना घरी नेऊन बसवता यावं? त्या कॅसेटी लाल कोटांच्या ट्रंकेतच होत्या. नईमने दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकेक धुऊन काढली. बघ, आमच्याकडेही धुवायचं काम चालतं.

रविवारी आधी तुझं वाजेल. मी मनापासून कौतुक करीन, एक शब्द हात राखून बोलणार नाही. टाळ्या पडतील, उडीला तर पडतीलच. मग ‘लग्नघर’मधलं पाचवं. आधी क्लॅरोनेट येते. धैवत, आणि उडी. लोक एकमेकांकडे बघायला लागतील. मग एका पोराचा आवाज येतो, अजून न फुटलेला. तो निषाद सरळ, शुद्ध लावतो. क्लॅरोनेट थांबते, आणि अब्बा बोलतात. शब्द न शब्द लिहिते, तुझी तयारी असावी म्हणून:

‘आरं न्हाई, न्हाई. त्यो सूर सोड. माजी चावी मोडलीया, मला तो निघत न्हाई. तू माज्यासंगट ऱ्हा. हितनं उडी मार.’

‘अशी का चाचा?’

‘व्हय. आता कसं! पुन्यांदा मार, ऋष्या.’

नईमने मला विचारलं होतं, आपा, हे बोलणं कापू का? मी म्हटलं, खबरदार.

मी स्टेजवर तुझ्यावर एकही आरोप करणार नाही. गरजच काय? एवढंच सांगीन की चांदसाहेब हयात नाहीत, त्यांच्या वतीने सत्कार त्यांच्या पत्नी रहिमतबी स्वीकारतील, आणि प्रमुख पाहुण्यांनी पुढे यावं. शाल तू घालायचीस. नारळ तू द्यायचास. मग माईक तुझ्या हातात.

आता येऊ नये असं तुला वाटेल. वाटू दे. खंडाळा ओलांडून पुणं गाठायचं तर रस्ता मोकळा आहे. फक्त एक ऐक. अम्मी घरात आमच्याशी दखनी बोलते, पण तुझं नाव निघालं की तिच्या तोंडी मराठी येते, कारण तुझ्याशी ती मराठीतच बोलायची. तिला वाटतंय, हा सगळा घाट तूच घातलास. मी तसं सांगितलेलं नाही, तिनेच ठरवून टाकलंय. ‘म्या म्हनत हुते न्हवं, ते लेकरू इसरणार न्हाई! टीवीवर काय तरी बोलून गेलं आसंल, त्याचं काय एवढं?’ नवी साडी काढलीय. आज दुपारपासून शेंगदाणे भाजतेय, पोळ्या डब्यात घालून आणणार आहे. तू आला नाहीस तर ती मला विचारेल, का आला नाही? आणि मी तिला खरं सांगीन, तुझ्या निरोपातल्या त्या शेवटच्या दोन वाक्यांसकट.

होय, मी सूड घेतेय. दुसरं गोड नाव मी त्याला देणार नाही. तू मला वाईट म्हण, कोत्या मनाची म्हण. अम्मीला कळलं तर तीही म्हणेल. मला चालतंय.

आणि वर जे लिहिणार नाही म्हटलं होतं, तेही आता लिहिते. नाहीतर तुला वाटायचं, एका वाक्यावरून ही बाई एवढी पेटली.

त्या मुलाखतीनंतर दोन-तीन दिवसांनी अब्बा क्लॅरोनेट घेऊन मिरजेला गेले. चावी नवी बसवून आणली. एवढी वर्षं नाही, आणि आता! मी विचारलं, अब्बा, हे काय? तर म्हणाले, ‘तो मोठ्या लोकांत वावरतो, त्याला कळतं. आपलं वाजवणं गोंगाटच असेल. निदान सूर तरी पुरे लावू.’ अंगणात खुर्ची टाकून बसले. चावी चोख होती, निषाद लख्ख निघत होता. पण बोटं ऐकेनात. धैवत आला की उडी मारायचीच. परत परत तेच. त्यांनी स्वतःच्या बोटांवर चापट मारली, ऋषिराज, लहान पोराला मारतात तशी. माझ्यासमोर.

मग क्लॅरोनेट पेटीत ठेवली. पुन्हा कधी ओठाला लावली नाही. नईमच्या लग्नात बँड बाहेरून आणला आणि अब्बा मांडवात पाहुण्यासारखे बसून होते. पुढच्या उन्हाळ्यात गेले. हृदयाचं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी कशाला वाद घालू?

म्हणून रविवारी स्टेजवर टेबलावर ती क्लॅरोनेटही असेल, नव्या चावीसकट. तू तिला हात लावायचा नाहीस. तुला करायचं आहे ते एकच. माईक हातात घेऊन अम्मीकडे बघायचं, आणि कुणाकडून शिकलास ते सांगायचं. मोठं भाषण नको, अध्यात्म तर अजिबात नको. बँडवाला हा शब्द मात्र त्यात आला पाहिजे. सांगितलंस तर मी तुला माफ करीन असं समजू नकोस. अम्मी करेल, पोळी वाढेल, तू खा. माझं वेगळं आहे.

इतकी वर्षं माझ्या लेखाखाली मी नुसतं ‘समीना’ एवढंच लिहीत आले. कारण तुला माहीत आहे, बँडवाल्याची पोरगी गाण्यातलं काय सांगणार, असं पेपरात कुणी म्हणू नये म्हणून. रविवारच्या पेपरात दहा अल्बमांची यादी येईल, तिच्याखाली पूर्ण सही असेल. इथेही तीच करते.

हॉल भरलेला असेल, अब्बांचा आवाज नुकताच थांबलेला असेल. मार उडी, ऋष्या.

चांदसाहेब बँडवाल्यांची मुलगी,
समीना