थोरल्या सर्व्हरचे पान

गास (वसई)

आदरणीय प्लासिड दाजींना मेहुण्याचा सप्रेम नमस्कार. देवबाप तुमच्या गुडघ्यात लवकर बळ घालो.

खुराड्याचे संध्याकाळी आपोआप मिटणारे दार, टाकी भरली की मोटर बंद करणारा तरंगता डबा, नाताळच्या गोठ्यातला मान हलवणारा बैल (एकाच बाजूला हलवतो, पण बाळ येशू त्याच बाजूला आहे) आणि आपल्या पतपेढीच्या सहा शाखांतल्या सर्व्हरना रोज ताजी व्हायरसयादी पोचवणारी स्क्रिप्ट, हे सारे मी कॉलेजची पायरी न चढता स्वतःच्या हातांनी केले, हे तुम्ही जाणताच. प्लास्टर निघाले का? फोनच करणार होतो, पण तो इनेझताई उचलते आणि "रुडी, त्यांना पडू दे जरा" म्हणून ठेवते. म्हणून हे पत्र.

चेअरमन व्हिव्हियन तुमचे कान भरण्याआधी खरे काय ते ऐका. अँटिव्हायरस म्हणजे वॉचमन. त्याला रोज नव्या चोरांचे फोटो लागतात. ते इंटरनेटवरून दाबून बांधलेल्या गाठोड्यात येतात. गाठोडे उतरवायचे, सोडायचे, शाखाशाखांत वाटायचे. पूर्वी आपली क्लार्क ज्युली हे पेनड्राइव्हने करायची (आणि त्यातूनच व्हायरस न्यायची). मी ते आपोआप केले. सहाही जणांना एकदम वाटता आले असते, पण आपल्यात लग्नात आधी थोरल्यांचे पान वाढतात. वसईचा सर्व्हर सर्वांत जुना. म्हणून स्क्रिप्टला शिस्त लावली: आधी वसई, त्याने 'मिळाले' म्हटले की पुढचा, शेवटी विरार, कारण ते पोरगे कालपरवाचे.

वसईचा म्हातारा मात्र आधीच गळ्यापर्यंत भरलेला (सणाच्या मिरवणुकीचे फोटो, प्रत्येकात व्हिव्हियन). गाठोडे आले, सोडायला जागा नाही. तो गप्प. त्याला ऐकू गेले नसेल असे समजून स्क्रिप्ट नवे गाठोडे आणून पुन्हा त्याच्याच पानात वाढे. थोरला उठेना, धाकटे उपाशी. असे कित्येक आठवडे. बिघाड झाल्यास मला ईमेल यावा अशी चोख सोय मी केली होती. फक्त ती ईमेल वसईच्याच सर्व्हरवरून निघते.

शेवटी विरारला व्हायरसने गाठले आणि पासबुकांवर शिलकीच्या जागी डोळा मिचकावणारे माकड छापून येऊ लागले. (पैसा कुणाचाही गेला नाही. बॅकअपमधून सगळे हिशेब मीच परत आणले.) निवृत्त मार्गारेट टीचर पासबुक नाचवत थेट माझ्या दारात: "रुडी, माझ्या पेन्शनीचं माकड केलंस ना रे?" मागून व्हिव्हियन: "तुझ्या मानपानात पेढी बुडवशील!"

मी आता सर्व दुरुस्त केले आहे. स्क्रिप्ट आधी जागा बघते, अर्धवट गाठोडे परत पाठवते, नवी यादी नीट बसेपर्यंत जुनी टाकत नाही, आणि थोरला गप्प राहिला तर धाकट्यांना वाढते. (ही शेवटची ओळ लिहिताना हात जड झाला.) तरीही काम माझ्याकडे ठेवायचे की बाहेरच्या कंपनीला द्यायचे, हे रविवारी कमिटी ठरवणार आहे.

इनेझताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
रुडॉल्फ

ता. क. कमिटीत मते समसमान आहेत. तुमचेच तेवढे बाकी. रिक्षा मी आणतो, उशीही आणतो. हात वर करायला गुडघा लागत नाही.

आणखी ता. क. मला पैशाचा लोभ आहे असे व्हिव्हियन सांगेल. साफ खोटे. हे काम मी फुकट करतो. उलट कालच कमिटीने मला मानधन देऊ केले. अट एकच, सर्व्हरच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचे नाही. मी तिथल्या तिथे नाकारले. दरमहा साडेसात हजार.