प्रॉम्प्टरबाईचं स्वगत

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर आपलं बोलणं दुसऱ्या मिनिटाला भांडणावर येतं, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग काय ते आकाशपाताळ एक कर.

मंगळवारी आईच्या गॅसची नळी बदलायला गेलो होतो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर स्वयंपाकघरातून तिचा खणखणीत आवाज. वाटलं, शेजारीण आली असेल. डोकावून पाहतो तर एकटीच, हातात अर्धा सोललेला बटाटा. पाच-सात मिनिटं मी दाराआड उभा होतो. बाबांचं आजारपण, माझा हेकटपणा, तुझं पसारा घालणं, सगळ्यांचा समाचार चालला होता. मग, या घरात आता मला एकटीला, एवढं म्हणाली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. पुढचा शब्दच सापडेना तिला. शेवटी मीच पुढे होऊन म्हटलं, राहवत नाही, असंच ना? तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा टाकला.

ठमे, बाबांना जाऊन आठ महिने झाले. मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. गुपचूप चालणारं यंत्र आवाज करायला लागलं, की आत काहीतरी झिजलेलं असतं. सतरा तारखेची डॉक्टरांची वेळ घेतलीय. महिनाअखेर ते घर बंद करून आईला इकडे आणणार. तुझ्या वहिनीने खोलीसुद्धा रिकामी केली आहे. तू मध्ये मोडता घालू नकोस.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुझा,
दादा

---

८ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. शेवटपर्यंत वाचलं. आता आकाशपाताळ एक करते.

एकटं माणूस मोठ्याने बोललं की त्याला डॉक्टरकडे न्यायचं, हे तुला कुणी शिकवलं? मी वीस वर्षं कॉलेजात इंग्रजी नाटक शिकवते, त्यातली निम्मी या एकट्या बोलण्यावर गेली. अगदी जुन्या, धर्मकथांच्या खेळांत पात्र यायचं आणि गर्दीला सरळ सांगायचं, मी अमुक, मी हे पाप करणार आहे. सैतान तर पुढे बसलेल्यांची थट्टाही करायचा. चारेकशे वर्षांपूर्वी उघड्यावरची नाटकघरं आली. भर दुपारचं ऊन, तिन्ही बाजूंनी लोक आणि मध्ये एकटा नट. तेव्हा तो नुसतं आपलं नाव सांगेना, तो लोकांदेखत विचार करू लागला. खुनी असो की राजा, एकटा असताना तो सहसा खोटं बोलत नाही, हे प्रेक्षक धरून चालायचे.

पुढे रंगमंच चौकटीत गेला, प्रेक्षक अंधारात गेले, आणि शे-सव्वाशे वर्षांपूर्वी तुझ्यासारखे शहाणे म्हणू लागले, की खऱ्या घरात कोण असं बोलतं? झालं, स्वगत हद्दपार. माणसं सुस्कारे टाकायला लागली, खिडकीबाहेर बघायला लागली. पण ते मेलं नाही, दादा. परत आलं, आणि ज्यांना आधी कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलू दिलं नव्हतं, अशा साध्यासुध्या बायकांच्या तोंडून आलं. तास-तास एकट्या बोलतात त्या, आणि लोक तिकीट काढून ऐकतात.

आणि आपली आई कोण? हौशी नाटकमंडळीची तीस वर्षांची प्रॉम्प्टर! जन्मभर दुसऱ्यांची स्वगतं विंगेतून कुजबुजली तिने. आता उजेडात येऊन एखादं म्हणत असेल. तालीम करत असेल, तालीम! डॉक्टरांची वेळ रद्द कर. आणि हो, दाराआड लपून ऐकणाऱ्यांचं त्या जुन्या नाटकांत काही बरं होत नाही, हे ध्यानात असू दे.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा तरी टिकव.

तुझी,
ठमी

---

१३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. तुझं व्याख्यान पोचलं. वर्गात छान वाटत असेल. पण तुझा तो राजा न्हाणीघरात पाय घसरून पडला, तर उचलायला शंभर माणसं होती. आईला कोण आहे? तू आठशे किलोमीटरवरून इतिहास सांगतेस, किल्ली माझ्या खिशात असते.

तिला डॉक्टरांचं सांगितलं. एका शब्दाने नाही म्हणाली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटतेय.

दादा

---

१९ फेब्रुवारी

चि. दादा आणि चि. ठमी,

दोघांस अनेक उत्तम आशीर्वाद. मजकूर एकच आहे, कार्बन घालून लिहिलाय. खालची प्रत ज्याला मिळेल त्याने रुसू नये. दादाने रागारागाने ठमीचं पत्र आणि आपल्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्यापुढे टाकला, दोन्ही वाचलं. एकाने मला बिघडलेली लिफ्ट केलं, दुसरीने पाठ्यपुस्तक. मला विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

डॉक्टर भला माणूस. बोलता तेव्हा कुणी उत्तर देतं का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उत्तर देणारे होते तेव्हा माझं वाक्य कधी पुरं झालं नाही. ते हसले. चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी काही नाही. दादा, कागद तुझ्याकडेच आहे.

ठमे, मी कसलीही तालीम करत नव्हते. माझं मीच बोलत होते, आणि बोलणार आहे.

आता दादाचं. माझ्या पहिल्याच वर्षी एक मोठा नट ऐन स्वगतात थांबला. मला वाटलं विसरला, मी घाईने शब्द पुरवला. पुढचा प्रवेश त्याच्या हातून गेला. नंतर तो मला म्हणाला, की बाई, दोघांच्या प्रवेशात समोरचा सांभाळून घेतो, स्वगतात माणूस एकटा असतो. विसरलेला माणूस विंगेकडे बघतो. थांबलेला बघत नाही. त्यानंतर तीस वर्षांत मी अशी चूक केली नाही. तू पहिल्याच दिवशी केलीस, आणि शब्दही चुकीचा दिलास.

मी दाराकडे बघितलं होतं का रे? नाही ना? मी विसरले नव्हते. पुढचं वाक्य ओठांवर होतं, पण तुमचे बाबा जाऊन आठच महिने झालेत आणि ते म्हणायची मला लाज वाटत होती. आता नाही वाटत. म्हणून कार्बन घालून लिहिते. या घरात आता मला एकटीला बरं वाटायला लागलंय.

सूनबाईला म्हणावं, खोलीत सामान परत लाव. पडले-झडले तर लागेल, म्हणून किल्ली तुझ्याकडेच असू दे. पण आधी बेल वाजवायची, आणि माझं वाक्य संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं.

माझा लोभ आहेच. तुमचाही असू द्या, जरा लांबून.

तुमची,
आई