आईने गिळलेली गोळी

प्रिय रंजिताताई,

तुझ्या शाळेच्या पत्त्यावर माझं पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. पेणच्या घरी पाठवलं असतं तर तुझ्या सासूबाईंनी आधी उघडलं असतं, आणि तुझा फोन बघावं तेव्हा तुझ्या लेकीच्या, पियूच्या, नाहीतर भावोजींच्या हातात. खरं सांगायचं तर तुझा आवाज ऐकला की मीच विषय बदलतो. मागे दोनदा बोलायचं म्हणून फोन केला आणि पापलेटच्या भावावर गप्पा मारून ठेवून दिला. कागदाला निदान विषय बदलता येत नाही.

आधी इकडचं सांगतो. आपल्या मागची चाळ पाडली, आता तिथे सात मजली इमारत उभी राहतेय, त्यामुळे दुपारभर ठोकाठोक आणि आईची बडबड. मंडळाला कबड्डीची नवी मॅट मिळाली. मुलींची टीमही सुरू केलीय, संध्याकाळी पंधरा-वीस जणी येतात. राजश्रीच्या घरच्यांशी बोलणी पुढे गेलीत हे तुला आईने सांगितलंच असेल. सारसोळ्याची ती, बँकेत आहे, बोलते कमी पण बघते सगळं. त्या बघण्याबद्दल पुढे लिहितो.

जत्रेच्या आधी मंडळाने आरोग्य शिबिर भरवलं होतं. रक्त तपासायला कोणी पुढे येईना, तेव्हा मंडळाच्या श्यामसुंदरकाकांनी माईकवरून माझं नाव पुकारलं. आपल्या गावचा कबड्डीचा रेडर, याच्यापासून सुरुवात करू, असं म्हणाले. मी ऐटीत जाऊन बसलो. चार दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात वाईट कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशीच्या वर. मला वाटलं, कुणा म्हाताऱ्याशी माझी बाटली बदलली. म्हणून गावात कोणाला न सांगता वाशीला जाऊन पुन्हा रक्त दिलं. आकडा तोच.

वाशीच्या डॉक्टरबाईंनी खाणंपिणं विचारलं, दारू विचारली, मग माझा पाय उचलून टाचेमागची शीर दोन बोटांत धरून बघितली. ती जाड लागली त्यांना. म्हणाल्या, "हे खाण्यामुळे नाही, जन्मापासून आहे. रक्तातली ही चरबी उचलायचं काम यकृत करतं, तुमचं ते नीट करत नाही. व्यायाम सोडू नका, पण तो एकटा पुरणार नाही. गोळी लागेल, रोज, कायमची." मी त्यांना विचारलं, वर्षभराने बंद करता येईल ना? त्या म्हणाल्या, चष्मा लावल्यावर दिसायला लागलं म्हणून चष्मा काढून ठेवतात का?

ताई, मला एवढी लाज वाटली की मी रिपोर्ट दुमडून शर्टाच्या आत घातला. बत्तीस वर्षांचा मी, रोज मैदानावर पोरांना कबड्डी शिकवताना सांगणारा की गोळ्या-पावडरींच्या नादी लागू नका, घाम गाळा, अंग आपोआप नीट राहतं. आणि माझ्या ताटाशेजारी रात्री म्हाताऱ्यांची गोळी. गावातल्या मेडिकलमध्ये मागितली असती तर सकाळपर्यंत मैदानावर कळलं असतं, म्हणून सानपाड्याहून आणायचो. घरी क्रेप बँडेजच्या डब्यात तळाशी ठेवायचो. मध्ये मांडी आखडली, कोणीतरी म्हणालं या गोळ्या स्नायू खातात, तर मी महिनाभर बंदही केल्या. डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त तपासलं, स्नायूंना काही झालं नव्हतं, कोलेस्टेरॉल मात्र होतं तिथे परत. त्या ओरडल्या नाहीत. दुखलं तर आधी माझ्याकडे या, गोळी बदलता येते, स्वतःहून बंद करू नका, एवढंच म्हणाल्या.

मग राजश्रीकडची माणसं जेवायला आली. ती, तिची आई आणि मामा. आपल्या आईने तांदळाच्या भाकऱ्या, खाडीतल्या निवट्यांचं कालवण, सगळं केलं होतं. जेवणं झाल्यावर मामांचा गुडघा धरला. आई म्हणाली, आमच्या प्रीतमकडे पट्टी हाय ना, आणि माझ्या आधी उठून तिने डबा आणला. पट्टी ओढली तशी गोळ्यांची पाकिटं लादीवर पडली. मामांनी एक उचलून डोळ्यांसमोर धरलं. म्हणाले, "ही तर कोलेस्टेरॉलची. मी पण हीच घेतो. कोणाची?"

तोंडात जीभ होती, ताई, पण मी समोरच्या बडीशेपेच्या वाटीकडे बघत बसलो. आईने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं, गोळी कशाची तेही नाही. तरी ती म्हणाली, "माझी हाय."

मामा हसून म्हणाले, मग घ्या की, जेवण झालंच आहे. आईने त्यांच्या हातातून पाकीट घेतलं, एक गोळी काढली आणि माझ्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर गिळली. सगळे लग्नाच्या हॉलच्या भाड्याबद्दल बोलायला लागले. मीही बोललो.

ती माणसं गेल्यावर भांडी घासता घासता तिने विचारलं, "तुला काय झालाय?" मी सांगितलं. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिला वाशीला घेऊन गेलो, खरं तर भलती गोळी गिळली या भीतीने. डॉक्टरबाई म्हणाल्या, एका गोळीने काही होत नाही, पण आई आल्याच आहेत तर रक्त देऊन जा. आईचा आकडा माझ्यापेक्षा जास्त निघाला. माझ्यात ते तिच्याकडून आलंय. आपली आई, जी वाऱ्याने उडेल अशी, जी तेल चमच्याने मोजते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कमी वयात कोणी गेलंय का? आईने कुंदनमामाचं नाव घेतलं.

तुला तो माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. अडतिसाव्या वर्षी खाडीवर होडीला टेकून बसला तो उठलाच नाही. पिऊन मेला, असं गाव म्हणालं. आपल्या घरात त्याचा फोटो कधी लागला नाही, त्याचं नाव निघालं की आई चुलीकडे वळायची. आईने डॉक्टरबाईंना विचारलं, "म्हनजे माझा भाऊस पिऊन नाय मेला?" त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी खात्रीने सांगता येणार नाही, पण या घरात, या वयात, मी आधी हृदयाचा संशय घेईन. रिक्षा कोपरखैरण्याजवळ आल्यावर आई म्हणाली, "त्याचा तोंड हुंगला होता मी. वास नव्हता. तरी मी लोकांचा ऐकला."

मी तिचा हात धरला, तर तिने सोडवून घेतला. घरी आल्यावर तिने मला देवासमोर उभं केलं आणि म्हणाली, रंजिताला यातलं काही कळवायचं नाय. सासरी बोलतील, पोरीला रगात खराब देऊन पाठवली. मी हो म्हटलं. आईचा शब्द मोडवत नाही असं स्वतःला सांगितलं, पण आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. कोणालाच सांगायला नको, याचं बरं वाटलं होतं.

परवा राजश्रीला वाशीच्या खाडीकिनाऱ्यावर भेटलो आणि सगळं सांगितलं. गोळ्या माझ्या आहेत, कायमच्या आहेत, आपल्या मुलांतही हे येऊ शकतं, तू नाही म्हणालीस तरी मी समजेन. ती पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "तुझ्या आहेत हे मला त्याच दिवशी कळलं होतं. गोळीचं मला काही नाही, आमच्या घरात मामा घेतोच. पण आई तुझ्यासाठी काय आहे ते न बघता गिळते आणि तू बसून राहतोस, ते मला आवडलं नाही." मग तिने विचारलं, "तुझ्या बहिणीला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. ती उठली. म्हणाली, आधी तिला सांग, मग आपण आपलं बोलू.

म्हणून हे लिहितोय. आईचं हे दुखणं तिच्या प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी असते. म्हणजे तुझ्यातही, आणि तुझ्यात असेल तर पियूमध्येही. डॉक्टरबाई म्हणाल्या, नऊ-दहा वर्षांच्या मुलांचंही रक्त तपासतात, उलट तेव्हाच तपासावं. वेळेवर कळलं आणि औषध सुरू झालं तर माणूस भरपूर जगतो. न कळता राहिलं तर काय होतं ते आपल्या घराने एकदा पाहिलंय. हे मला दोन महिने माहीत होतं, ताई. दिवाळीत पियू माझ्या पाठीवर बसून मैदानभर फिरली, तेव्हाही माहीत होतं. आईला या पत्राची खबर नाही, तिला आज रात्री सांगेन. तू तुझ्या आणि पियूच्या तपासणीची वेळ तेवढी ठरवून ठेव. सासरी तू एकटीने काही सांगायचं नाहीस. मी रविवारी पेणला येतोय, सासूबाईंसमोर बसून मीच बोलेन.

तुझाच,
प्रीतम