अकराव्या क्रमांकाला मी उठले नाही

ता. १४ मार्च, सकाळ

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद. नऊ वर्षांचे साचले आहेत, ते एकदमच घे. तुम्हा तिघांची प्रकृती उत्तम असेल असे धरून चालते. माझी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण लयीत कुरकुरतो, म्हणून मी तक्रार करत नाही.

आता आधी घटना, त्या घडल्या त्या क्रमाने. मते मागाहून. तुझ्या लेकीने, भिंगरीने, तुला सारे सांगितले असेलच. पण ते तिच्या वेगाने सांगितले असणार, म्हणजे मधला निम्मा भाग गळला असणार.

पहिली घटना. गेल्या शनिवारी खुल्या एकल ड्रमवादन स्पर्धेची अंतिम फेरी झाली. परीक्षक तिघे होतो: डावीकडे निवृत्त बँडमास्तर, उजवीकडे वेग मोजणारे ते घड्याळवाले, जे तुझ्या वेळीही होते, आणि मधल्या खुर्चीत मी.

दुसरी. वादक पडद्यामागे वाजवतात. परीक्षकांना नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. निम्मे गुण वेगाला आणि आघातांच्या स्वच्छतेला, निम्मे शैलीला.

तिसरी. वादक आपल्या नात्यातला आहे अशी खात्री पटल्यास परीक्षकाने खुर्ची सोडून बाहेर जावे, आणि उरलेल्या दोघांच्या सरासरीवर गुण धरावेत, असा नियम आहे.

चौथी. सातव्या क्रमांकाला मी उठले.

पाचवी. अकराव्या क्रमांकाला मी उठले नाही.

सहावी. भिंगरी अकरावी होती.

सातव्या क्रमांकाने दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी शेवटचा आघात हातात धरून ठेवला. उशीर केला असे मी म्हणत नाही; उशीर कोणालाही होतो. बाबा नाट्यगृहात रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून वाजवत तेव्हा नर्तकीचा पाय जमिनीला टेकेपर्यंत जसा आघात धरून ठेवत, तसा धरला. लय तसूभर हलली नाही, आणि तरी सगळे सभागृह त्या एका क्षणासाठी थांबले. हे थांबणे दोनच माणसांना येते असे मी मानत आले होते: बाबांना आणि मला. तेव्हा पडद्यामागे आमच्याच घरचे रक्त आहे, तुझी मुलगी आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि उठले. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात एवढ्या पुराव्यावर असा निष्कर्ष काढला असता तर मी तो प्रबंध परत केला असता.

बाहेर जिन्यात उभी राहून मी काय केले, हे या पत्राच्या विषयात बसत नाही.

अकराव्याच्या वेळी मी पूर्ण शांतपणे जागेवर होते. हात असे, की घड्याळवाल्यांनी घड्याळ खाली ठेवले. इतका वेग, आणि प्रत्येक आघात सुटा, जणू एकाच मापाचे मणी ओवावेत. पहिला भाग निर्दोष होता. हे विशेषण मी किती जपून वापरते ते तुला माहीत आहे. मग मध्यावर काहीतरी बिघडले. वादक धावत सुटला. एका वाक्याने दुसऱ्याच्या पाठीवर चढावे तसे झाले; कुठे श्वास नाही, कुठे उतार नाही. मी वेगाचे पूर्ण गुण दिले, शैलीचे निम्म्याहून कमी, आणि शेऱ्यात लिहिले: ‘मध्यावर वादक स्वतःचे वाजवणे ऐकत नाही.’

निकाल: सातवा पहिला, अकरावा दुसरा, फरक केसभर.

मग पाकिटे उघडली. पहिला म्हणून एक उंच, चष्मेवाला मुलगा पुढे आला. आडनाव मी कधी ऐकले नव्हते. अध्यक्षांनी दुसरे नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि तेच नाव पुन्हा वाचले. मुलीला बाबांची हनुवटी आहे. हे तू मला कळवायला हवे होतेस. पण आपण एकमेकांना काहीच कळवत नाही.

मी तिथल्या तिथे उभी राहून अध्यक्षांना सांगितले की ही माझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहे आणि माझे गुण बाद व्हायला हवेत. ते भले माणूस आहेत. भल्या माणसांना नियम टोचतात.

“अहो बाई, जाऊ द्या की. घरच्या पोरीला कमी गुण दिले म्हणून कुणी भांडायला येत नाही.”

“नियमात कमी-जास्त हा शब्द नाही,” मी म्हटले. “नियम मी लिहिलाय.”

घड्याळवाले मिशीत हसत होते. “मी तर ओळखलं होतं हो तिला. दहा-बारा ठोक्यांत. हात भावाचेच तुमच्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, बाईंनीही ओळखलं असेल. पोरीला घासून घ्यायचं म्हणून बसल्या असतील.” मग त्यांनी घड्याळाला किल्ली दिली आणि म्हणाले, “तुमच्या भावाचा वेग मला पाठ आहे, बाई. नऊ वर्षं येईल त्याला त्याच्याशी ताडून बघतोय. तुम्ही वडलांना शोधत बसलात.”

या माणसाशी माझा वीस वर्षांचा वाद आहे. वेग मोजता येतो, शैली कुठल्या काट्यावर तोलायची, असे ते दर वर्षी विचारतात, आणि मी दर वर्षी सांगते की जे मोजता येत नाही त्यासाठीच आपल्याला मानधन मिळते. शनिवारी हा वाद ते जिंकले. ही नोंद फक्त तुझ्यासाठी.

समितीने माझे गुण खोडले. नवी सरासरी निघाली. भिंगरी पहिली, तो मुलगा दुसरा.

मी परीक्षकांच्या खोलीत कागद आवरत होते तेव्हा ती दार न वाजवता आत आली. ड्रम वाजवणाऱ्या मुलीने दार वाजवू नये, याची मी मनातल्या मनात नोंद घेतली.

“तुम्ही माझी आत्या ना?”

“कागदोपत्री,” मी म्हटले.

“मग कागद नीट वाचत जा की.”

हे उलट उत्तर तिने कुणाकडून घेतले ते मी विचारत नाही. मला शंका आहे की ते माझ्याचकडून, तुझ्यामार्फत गेले असावे.

मी तिला बस म्हटले. ती बसली नाही. काठ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभी राहिली आणि म्हणाली, “सातव्याला तुम्ही उठलात. खुर्ची सरकली ती आम्हाला आत सगळ्यांना ऐकू आली. मला वाटलं, कुणीतरी दुसरे परीक्षक असतील. मग बाहेरचा माणूस म्हणाला, बाई गेल्या. तुम्ही त्याच्यासाठी उठलात, आत्या. माझ्यासाठी नाही.”

“मी तुझ्यासाठीच उठले होते. माणूस चुकला.”

“हो, पण मला काय माहीत? मी म्हटलं, माझ्या वेळी तर नक्की उठतील. म्हणून वाजवताना ऐकत होते. पहिला भाग संपला, खुर्ची काही वाजेना. मला वाटलं, पोचत नाहीये की काय. मग धावले.”

“कशासाठी?”

“तुम्ही उठावं म्हणून.”

मी एवढेच म्हटले, की कारण ऐकून गुण बदलत नसतात.

“बदला कोण म्हणतंय?” ती म्हणाली. “धावले ते धावलेच. ते गुण बरोबर आहेत. म्हणून तर ते खोडायचे नाहीत. खोडाखोडीवर पहिली आले, असं उद्या तो चष्मिश मला आयुष्यभर ऐकवील. मला दुसरा नंबर चालेल. पण तुमच्या गुणांसकट.”

धाकट्या, मी शेकडो वादक ऐकले. पराभव गिळणारे पाहिले, पराभवावर रडणारे पाहिले, माझ्या दारात येऊन गुणांची घासाघीस करणारे तर पोत्याने पाहिले. हातात आलेले पहिले स्थान, ते आपल्या वाजवण्याचे नव्हे म्हणून परत करणारी ही पहिलीच. आणि ती आपल्या घरची आहे. परवा बाजारात भाजीवाल्याने विचारले, बाई, आज काय विशेष? मी म्हटले, काही नाही, भाची स्पर्धेत दुसरी आली. तो अभिनंदन करताना जरा बिचकला. लोक पहिल्याचे सांगतात. मला मात्र असे वाटले की मी फार मोठी गोष्ट फार कमी शब्दांत सांगितली.

मी तिला विचारले, आजोबांचे ते थांबणे तू का वाजवत नाहीस?

“बाबांनी शिकवलं ना. मला नाही जमत. वाजवलं की उसनं वाटतं. बाबा म्हणाले, मग सोड, ज्याचं त्याला. आमच्या चष्मिशला पहिल्या महिन्यात जमलं, मेल्याला. तो बाबांकडेच शिकतो.”

म्हणजे आता माझे मत. नऊ वर्षांपूर्वी याच स्पर्धेत मी तुला दुसरा क्रमांक दिला आणि व्यासपीठावरून शेरा वाचून दाखवला: ‘वेग आहे, थांबण्याची तयारी नाही.’ तो शेरा मी मागे घेत नाही. त्या दिवशी तू तसेच वाजवलेस. परंतु त्या मुलाने ते थांबणे कुणाकडून तरी ऐकलेच असणार. बाबा जाऊन त्याच्या वयाहून अधिक वर्षे झाली. माझ्याकडे तो कधी आला नाही. उरतोस तू, आणि तुला ते बाबांच्या हयातीतच मिळाले असणार. तेव्हा ते तुला येत होते, आणि माझ्यासमोर तू ते मुद्दाम वाजवले नाहीस. दोनच माणसांना येते हे माझे मत पुराव्यानिशी रद्द होते. तीन होती. आता चार आहेत.

आणि त्या नियमाबद्दल. तू स्पर्धा सोडलीस त्याच वर्षी नात्यातल्या परीक्षकाने उठून जाण्याचे कलम मी समितीकडून करून घेतले. पाच बैठका भांडले. सगळ्यांना वाटले की मी शिस्तीची वेडी आहे, आणि ती मी आहेच. पण तुला हे कुणी सांगितले नसणार, म्हणून लिहिते: तुझे गुण बरोबर होते. ते द्यायला त्या खुर्चीत मी नको होते. सख्ख्या भावाला शेरा ऐकवायला दुसरा कोणीही चालला असता.

आता कामाचे. त्याच कलमाला एक पोटकलम आहे, तेही माझेच: नात्यातल्या परीक्षकाचे गुण वादकाने लेखी मान्य केले तर ते कायम राहतात. भिंगरीने तसा अर्ज लिहून ठेवला आहे. अक्षर भयंकर आहे, मुद्दे बिनतोड आहेत. पण ती अजून अठराची नाही, त्यामुळे पालकाच्या सहीवाचून समिती तो घेणार नाही. येत्या शुक्रवारी बैठक आहे. तू सही केलीस तर तुझा विद्यार्थी पहिला, तुझी मुलगी दुसरी. न केलीस तर चषक तुमच्या कपाटात येईल, आणि तो पुसण्याचे काम घरात कोणीही आपण होऊन अंगावर घेणार नाही.

तू अजून सही केलेली नाहीस, हे मला तिच्याकडून कळले. मी तुला घाई करत नाही. माझ्या हातचा दुसरा क्रमांक तुझ्या घरी दुसऱ्यांदा येतो आहे, आणि या वेळी तो तुझ्याच सहीने यायचा आहे. हे मागणे किती जड आहे ते मला समजते. मुलगी ते हसत उचलते आहे, म्हणून बापाला ते हलके वाटावे असा काही नियम नाही, आणि मी तसा करणारही नाही.

सल्ला मी देत नाही. एवढे मात्र लिहून ठेवते, की सातवा आणि अकरावी हे दोघेही तुझेच आहेत. एकाला तू बाबांचे दिलेस, आणि दुसरीला बाबांच्या ओझ्यातून मोकळे केलेस. हे दुसरे मला कुणाच्या बाबतीत जमलेले नाही. माझे सगळे विद्यार्थी माझ्यासारखे वाजवतात. आजवर मी हे कौतुकाने सांगत असे.

आता माझी मागणी. शुक्रवारपूर्वी मला दोन गोष्टी लिहून कळव. एक: सही करतोस की नाही. दोन: त्या दिवशी माझ्यासमोर तू ते थांबणे का वाजवले नाहीस. पहिल्याचे उत्तर एका शब्दात चालेल, दुसऱ्याचे चालणार नाही. फोन करू नकोस. फोनवर आपण दोघेही धावत सुटतो. शाईने लिही, खाडाखोड झाली तर ती तशीच राहू दे, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी तुझे पूर्ण नाव घाल. ते नाव माझ्या पेटीत पडलेले मला पाहायचे आहे.

उत्तराची वाट पाहते. हे मला येते, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या मुलीची आत्या,
आणि त्याच्या कितीतरी आधीपासून
तुझी ताई